हास्य-करुण मालिका आणि तिचा चाहता : ‘पंचायत’च्या निमित्ताने

इंग्रजीत ‘कॉमेडी’ आणि ‘ड्रामा’ या दोन शब्दांची मोडतोड करून ‘ड्रॅमेडी’ असा एक जोडशब्द रूढ झालेला आहे. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नाही. प्रस्तुत लेखात ‘हास्य-करुण मालिका’ असा शब्दप्रयोग केला असून तो केवळ सोयीचा आहे. गेल्या काही वर्षांत या प्रकारच्या मालिकांना अभूतपूर्व लोकप्रियता लाभली. त्यांपैकी ‘पंचायत’ (२०२०) ही हिंदी मालिका प्रामुख्याने आणि ‘टेड लासो’ (२०२०) व ‘द बेअर’ (२०२२) या दोन अमेरिकन मालिका तुलनेपुरत्या येथे विचारात घेतल्या आहेत. मात्र विचार केवळ मालिकांचा नाही, त्यांच्या चाहत्यांचाही आहे. कारण या प्रकारात कलाकृती कोणत्या दिशेने जाते हे ठरविण्यात चाहत्याचा वाटा फार मोठा असतो, आणि तो नेहमीच हिताचा असतो असे नाही.

आपल्या परंपरेत प्रेक्षकाला ‘रसिक’ म्हणत आले आहेत. ‘रसिक मायबाप’ या संबोधनात आर्जव होते, पण त्यात एक अपेक्षाही होती. रसिकाला डावे-उजवे कळते, असे त्यात गृहीत धरलेले होते. चाहत्याकडून अशी अपेक्षा नसते. त्याने प्रेम करावे एवढेच अभिप्रेत असते. रसिक एखादा प्रयोग फसला तर तसे सांगतो. चाहता मात्र एखादे पात्र आपल्या मनाविरुद्ध वागले तर रागावतो. हा भेद वरवर किरकोळ वाटला तरी हास्य-करुण मालिकेच्या बाबतीत तो मूलभूत ठरतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हा विरोध स्पष्टपणे नोंदविला आहे. प्रत्यक्ष नाट्यव्यवहारात मात्र हा विरोध पाळला गेला नाही, आणि मराठीला त्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ प्रेक्षकाला पोटभर हसवतात. ज्या पेल्यावर हे हसू उभे आहे त्याच पेल्याने सिंधूचा संसार बुडतो. हास्याचे कारण आणि शोकाचे कारण येथे एकच आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकाराच्या मूल्यमापनाची हीच कसोटी असावी. हसू आणि आसू एकाच कारणातून येत असतील तर ती हास्य-करुण कृती होय. दोन वेगवेगळ्या नळांतून आणून एका भांड्यात ओतली असतील तर ती केवळ मिश्रण ठरते, आणि अशा मिश्रणात भावविवशतेचा अंश लवकरच वाढतो.

या प्रकाराचे वर्गीकरण करणे किती अवघड आहे हे अमेरिकेतील एमी पुरस्कारांच्या इतिहासावरून दिसते. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ या तुरुंगजीवनावरील मालिकेला २०१४ मध्ये विनोदी मालिकांच्या गटात नामांकन मिळाले. २०१५ मध्ये नियम बदलला. अर्ध्या तासाची ती विनोदी आणि एका तासाची ती गंभीर, असे सर्वसाधारण सूत्र ठरले आणि तीच मालिका गंभीर गटात गेली. परिणामी उझो अदुबा या अभिनेत्रीला एकाच भूमिकेसाठी एका वर्षी विनोदी गटात व पुढच्या वर्षी गंभीर गटात पुरस्कार मिळाला. घड्याळाच्या काट्यावर रसनिर्णय करण्याचा हा प्रकार मम्मटाला पाहावयास मिळाला नाही हे बरेच झाले. पुढे ही कालमर्यादेची अट काढून टाकण्यात आली, पण वाद संपला नाही. ‘द बेअर’ने जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समारंभात सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेसह दहा पुरस्कार मिळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालेल्या पुढील समारंभात तिला अकरा पुरस्कार मिळाले. एका वर्षात विनोदी मालिकेला मिळालेल्या पुरस्कारांचा तो विक्रम होता, तथापि सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान ‘हॅक्स’कडे गेला. भावाच्या आत्महत्येनंतर शिकागोतील त्याचे सँडविचचे दुकान सांभाळणाऱ्या आचाऱ्याची कथा विनोदी कशी, असा आक्षेप यानिमित्ताने वारंवार घेण्यात आला.

या आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो चुकीच्या जागी घेतला जातो. दुसऱ्या पर्वातील ‘फिशेस’ हे प्रकरण पाहावे. नाताळच्या रात्री एक मोठे कुटुंब जेवायला जमले आहे, आई स्वयंपाकघरात एकटी राबते आहे आणि पीत आहे. तिला ‘तू ठीक आहेस ना?’ असे विचारावयाचे नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलीला मात्र ते विचारल्याशिवाय राहवत नाही. आरंभी हा निव्वळ विनोदी प्रसंगाचा साचा आहे. एक निषिद्ध वाक्य आहे, आणि ते कोणाच्या तरी तोंडून निसटणार याची प्रेक्षक वाट पाहतो. ते निसटते, आणि रात्रीचा शेवट घराच्या भिंतीतून आत घुसलेल्या मोटारीने होतो. ज्या प्रश्नाने हसू आणले त्याच प्रश्नाने घर फोडले. वर सांगितलेली कसोटी येथे पूर्णपणे उतरते. उलट याच मालिकेच्या पुढील पर्वांत दीर्घ मौन, भूतकाळाचे तुकडे आणि पार्श्वसंगीत यांच्या आधारे जे गांभीर्य उभे केले आहे त्यात विनोद बाजूला पडतो. जे चाहते ‘ही मालिका विनोदी नाहीच’ असे अभिमानाने सांगतात त्यांना हा बदल उन्नती वाटतो. विनोद हा कमी दर्जाचा असून गांभीर्याने कृतीची प्रतिष्ठा वाढते, हा समज आपल्याकडेही जुना आहे. विनोदी लेखकाला साहित्यिक म्हणून मान्यता मिळण्यास आपल्या समीक्षेने किती विलंब लावला, हे मराठीच्या अध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘टेड लासो’च्या चाहत्यांची मागणी नेमकी विरुद्ध होती. इंग्लंडमधील एका फुटबॉल संघाला प्रशिक्षण देण्यासाठी आलेला हा भाबडा अमेरिकन माणूस करोनाच्या काळात अनेकांना आधार वाटला, हे स्वाभाविकच होते. पण ज्या प्रेक्षकाला आधार हवा असतो त्याला संघर्ष सोसवत नाही. संघाचे कपडे-साहित्य सांभाळणारा नेट नावाचा दबलेला माणूस प्रशिक्षक होतो आणि अधिकार मिळताच क्रूर होतो, ही त्या मालिकेतील सर्वांत खरी गोष्ट होती. चाहत्यांचा सर्वाधिक रोष त्याच्यावरच झाला. तिसऱ्या पर्वात (२०२३) त्याचे हृदयपरिवर्तन घडले, परंतु तो प्रतिस्पर्धी संघ सोडतो हा निर्णायक प्रसंग पडद्यावर दाखविलाच नाही. क्षमा दाखवली, क्षमेचे मोल दाखवले नाही.

आता ‘पंचायत’कडे वळू. चंदन कुमार लिखित आणि दीपक कुमार मिश्र दिग्दर्शित ही मालिका एप्रिल २०२० मध्ये, देशभर टाळेबंदी असताना, प्राइम व्हिडिओवर आली. पुढील पर्वे २०२२, २०२४ आणि २०२५ मध्ये आली. दुसऱ्या पर्वाला नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा, त्या गटातील पहिलाच, पुरस्कार मिळाला. उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातील फुलेरा या कल्पित गावात अभिषेक त्रिपाठी हा शहरी तरुण नाइलाजाने ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो. चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशातील सिहोर जिल्ह्यातल्या महोडिया या गावी झाले.

मराठी वाचकाला या कथासूत्राने ‘बनगरवाडी’ची (१९५५) आठवण होणे अपरिहार्य आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तरही सरकारी नोकरीसाठी एका आडगावी येतो, गावाला आणि गाव त्याला हळूहळू आपलेसे करते. साम्य येथेच संपते. बनगरवाडीवर दुष्काळ येतो, गाव उठून जाते आणि मास्तरालाही निघावे लागते. माडगूळकरांनी मास्तराच्या लळ्याला निसर्गाच्या आणि अर्थव्यवहाराच्या वर कधी चढू दिले नाही. फुलेऱ्यात पाऊस-पाणी, पीक, कर्ज, मजुरी यांना फारसे स्थानच नाही. चाहते ज्याला ‘साधे जीवन’ म्हणून वाखाणतात ते बऱ्याच अंशी श्रमाविना जगलेले जीवन आहे.

तथापि पहिले पर्व त्याच्या चाहत्यांनी मानले त्याहून अधिक तिखट आहे, हे मान्य केले पाहिजे. गावासाठी सौरदिवे मंजूर होतात. ते कोठे बसवावयाचे हे ठरविण्यासाठी बैठक भरते आणि एकेक दिवा एकेका सदस्याच्या घरासमोर लागत जातो. कोणी खलनायक नाही, कोणी लाच घेतलेली नाही. सार्वजनिक वस्तू चारचौघांच्या संमतीने खाजगी कशी होते, याचे इतके नेमके चित्रण एखाद्या अहवालातही क्वचितच सापडेल. दुसऱ्या एका भागात सचिव चाकांची फिरती खुर्ची विकत घेतो आणि ती प्रधानाच्या खुर्चीपेक्षा उंच ठरल्याने पेच उद्भवतो. येथे हसू येते ते खुर्चीच्या उंचीमुळे, आणि खुर्चीची उंची हीच गावाची खरी राज्यघटना आहे. शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या ग्रामीण कथांवर पोसलेल्या वाचकाला ही जात ओळखीची वाटेल.

‘जात’ हा शब्द ओघात आला, पण तो टाळूनही चालणार नाही. प्रधान दुबे, सचिव त्रिपाठी, उपप्रधान पांडे, सहायक शुक्ल. मालिकेचा सारा स्नेह ज्या चौघांभोवती फिरतो ते चौघेही ब्राह्मण आहेत. वास्तवात असे असू शकते, हा प्रश्न नाही. प्रश्न असा की, एवढ्या भागांत या गोष्टीची दखल मालिकेने जवळजवळ घेतलीच नाही आणि चाहत्यालाही ती खटकली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या आदर्शीकरणावर जो प्रहार केला, त्याला पाऊणशे वर्षे उलटून गेली. मराठीत ‘बलुतं’ (१९७८) आल्यानंतर ‘निरागस गाव’ हा शब्दप्रयोग जबाबदारीने करता येईनासा झाला. ज्या महाविद्यालयांत आपण या दोन्ही गोष्टी शिकवतो तेथील विद्यार्थी ‘पंचायत’ पाहून ‘गाव असावे तर असे’ म्हणतात, तेव्हा दोष त्यांच्या माथी मारण्यापूर्वी मालिकेने त्यांना काय दाखवले आणि काय वगळले हे पाहावे लागते. वगळणे हेदेखील एक विधान असते आणि हसऱ्या कृतीत ते अधिक सहज पचते.

चाहत्यांच्या अपेक्षेचा दाब तिसऱ्या पर्वातील एका भागात स्पष्ट दिसतो. घरकुल योजनेचा लाभ मिळावा म्हणून एक म्हातारी आपण घरच्यांपासून वेगळ्या राहत असल्याचे भासवते व झोपडीत जाऊन राहते. मांडणी अप्रतिम आहे. नियम असा आहे की, लाभासाठी कुटुंब फुटावे लागते, आणि गरजेपोटी माणसे फुटण्याचे नाटक करतात. सौरदिव्यांच्या तोडीचा हा विषय होता. परंतु शेवट होतो तो प्रल्हादच्या समजुतीच्या शब्दांवर. घर विटांचे नसते, माणसांचे असते, अशा आशयाचा उपदेश होतो आणि म्हातारी घरी परतते. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. घर मात्र मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हा प्रश्न पाणावलेल्या डोळ्यांना दिसत नाही. हसू योजनेच्या नियमातून आले होते, आसू कुटुंबवत्सलतेतून आले. दोन नळ वेगळे झाले ते येथे.

प्रल्हादविषयी मात्र मालिकेने उत्तम काम केले आहे. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस त्याचा सैनिक मुलगा हुतात्मा होतो. हा मृत्यू कथेच्या आतून येत नाही, बाहेरून येऊन आदळतो, आणि कसोटी काटेकोरपणे लावली तर हे वैगुण्यच आहे. पण पुढे लेखकाने त्या मृत्यूचा पाठपुरावा केला. जो माणूस गावात सर्वांत हसरा, तोच आता घरी जाण्याचे टाळतो, दारूत बुडतो, भरपाईच्या पन्नास लाखांचे काय करावे हे त्याला सुचत नाही. फैसल मलिक यांनी ही भूमिका आवाज न चढवता केली आहे. इतर पात्रे त्याच्यासमोर विनोद करताना क्षणभर थबकतात, त्या थबकण्यात फुलेरा सर्वाधिक खरे वाटते. आपल्या व्यावसायिक मालिकांत मृत्यू पुढच्या आठवड्यात विसरला जातो, या पार्श्वभूमीवर हे अधिकच उठून दिसते.

या सर्वांहून महत्त्वाचा मुद्दा प्रधानपदाचा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतीतील किमान एकतृतीयांश जागा व अध्यक्षपदे स्त्रियांसाठी राखीव झाली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तरीही ‘सरपंचपती’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फुलेऱ्याच्या निर्वाचित प्रधान मंजूदेवी आहेत, कारभार त्यांचे पती ब्रिजभूषण दुबे पाहतात. पहिल्या पर्वाचा शेवट याच विसंगतीवर आहे. २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला जिल्हाधिकारी येतात आणि गावाचे खरे प्रधान कोण हा प्रश्न प्रथमच अधिकाराने विचारला जातो. मंजूदेवी राष्ट्रगीत म्हणू लागतात, मध्येच अडखळतात, पुन्हा धीर करून पूर्ण करतात. त्या अडखळण्यात हसू आहे आणि त्याच अडखळण्यात साऱ्या व्यवस्थेची लाज आहे. नीना गुप्ता यांचा तो प्रसंग अलीकडच्या हास्य-करुण मालिकांतील सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक होय.

मात्र रघुवीर यादव यांनी ब्रिजभूषण इतका लोभस केला आहे की, प्रश्न पुन्हा झाकला जातो. गाव त्यांना ‘प्रधानजी’ म्हणते, सचिव म्हणतो, आणि चाहतेही म्हणतात. वस्तुतः या नावाने संबोधावयाची व्यक्ती दुसरीच आहे. कायद्याने चुकीची असलेली प्रथा एका प्रेमळ, कंजूष, घाबरट आणि बायकोला वचकून असणाऱ्या गृहस्थाच्या रूपाने समोर आली की तिचा राग येत नाही. विनोदाची ही शक्ती आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या सहयोगाने याच निर्मितिसंस्थेने ‘असली प्रधान कौन?’ ही लघुकृती प्रसिद्ध केली. पतीने पत्नीच्या पदाचा कारभार चालवू नये, हे त्यातून सांगावयाचे होते, आणि त्यातही नीना गुप्ताच होत्या. मूळ मालिकेने जे हळुवारपणे सुसह्य केले त्याविरुद्ध त्याच मालिकेच्या लोकप्रियतेचा आधार घेऊन प्रबोधन करावे लागले, ही घटना समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य तपासावी. प्रबोधनपर कृती म्हणून ती चांगलीच आहे, पण पहिल्या पर्वातील ते अडखळलेले राष्ट्रगीत जे करून गेले ते उपदेशाला साधणार नाही.

चौथ्या पर्वात निवडणूक येते. दुधी भोपळा आणि प्रेशर कुकर या चिन्हांवर लढाई होते आणि मंजूदेवी हरतात. अनेक चाहत्यांची निराशा झाली. विनोद आटला, राजकारण वाढले, गावाचा गोडवा गेला, अशी तक्रार ऐकू आली. तक्रारीचा पहिला भाग खरा आहे. प्रचाराचे प्रसंग लांबले आहेत आणि कुरघोडीच्या त्याच त्या युक्त्या पुन्हा पुन्हा येतात. परंतु पराभवाबद्दलची नाराजी वेगळ्या प्रकारची आहे. आपल्याला जे आवडतात ते मतदारालाही आवडलेच पाहिजेत, असे चाहता धरून चालला होता. फुलेऱ्याच्या मतदाराने पाच वर्षे कोणाच्या दारासमोर दिवे लागले हे पाहिलेले होते, चाहत्याने ते पाहून हसून सोडून दिले होते. चार पर्वांत प्रथमच गावाला चौघांच्या बैठकीबाहेरचे मत असल्याचे दिसले, ही या पर्वाची सर्वांत धीट बाजू आहे.

त्यातही एक गोष्ट लेखकाने न बोलता ठेवली आहे. विजयी उमेदवार क्रांतिदेवी आहेत, आणि त्यांच्या वतीने पहिल्या दिवसापासून बोलत, भांडत, आखणी करत आलेले आहेत ते त्यांचे पती भूषण. मतपत्रिकेवर दोन्ही नावे स्त्रियांची होती. निकाल लागल्यावर चाहत्यांच्या तोंडी जे वाक्य आले ते ‘प्रधानजी हरले’ असेच होते.